पटकीचं विष आणि त्याचा उतारा

राळेगणसिद्धी हे नाव आता महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पारनेर तालुक्यातलं, वर्षाकाठी जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाचं हे गाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले आणि पुढच्या वर्षांत गावानं वाहून जाणारं पाणी अडवायला सुरुवात केली. उतारावर चर खणले, नाल्यांना बांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केला, झाडं लावली. कोरड्या विहिरींना पाणी आलं. ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यातला एक भाग मात्र सांगण्याच्या ओघात मागे पडतो. शौचालयं आणि गोबरगॅस हाही त्याच कामाचा भाग होता. पाणी अडवणं आणि घाण अडवणं ही दोन कामं तिथे जोडीनं झाली.

ही जोडी का हवी? आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. वाटेत जे भेटेल ते सोबत घेऊन ते विहिरीत उतरतं. म्हणून तर पहिला पाऊस झाला, विहिरीचं पाणी गढूळ झालं, की गावोगाव जुलाब-उलट्यांची साथ ठरलेली असायची. विहीर भरणं ही अर्धी गोष्ट झाली. भरलेल्या विहिरीत काय उतरलं, ही दुसरी अर्धी गोष्ट. मी आज या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण या इतिहासाची सुरुवात एका शब्दापासून होते, आणि शब्द हा आम्हा मंडळींचा प्रांत आहे.

आमच्या घरात आजी ‘हैजा’ म्हणायची. गल्लीत बाकी सगळे ‘पटकी’ म्हणत. कुणी ‘वाखा’ म्हणे, कुणी नुसतंच ‘मरी’. शाळेत गेल्यावर ‘कॉलरा’ हा शब्द कळला. आणखी एक जुना शब्द आहे, ‘मोडशी’. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे. हिंदुस्थानातले लोक याला काय म्हणतात, तर मोर्शी. अरब काय म्हणतात, तर हैजाशी जुळणारा शब्द, असं त्यानं नोंदवलं. म्हणजे आमच्या आजीचा शब्द आणि शेजारच्या काकूंचा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच पानावर येऊन बसले होते. पुढे युरोपीय लोकांच्या तोंडी हा मोडशी शब्द मोडत मोडत फ्रेंचमध्ये असा झाला की त्याचा अर्थ ‘कुत्र्याचं मरण’ असा होऊ लागला. रोग पाहिलेल्या माणसाला तो अर्थ चुकीचा वाटलाही नसेल.

रोग जुना असला तरी त्याचं जगभर पसरणारं रूप दिसलं ते १८१७ मध्ये. त्या वर्षी बंगालमधल्या जेसोरला साथ भडकली. पुढच्याच वर्षी ती दख्खनेत आली आणि ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईत पोचली. हेच ते पेशवाई बुडाल्याचं साल. सैन्याच्या छावण्या, बाजार, जत्रा, वाऱ्या, माणसं ज्या वाटांनी गेली त्याच वाटांनी पटकी गेली. पंढरपूरच्या वारीत ती अनेकदा आली. तिकडे १८६५ च्या हजमध्ये मक्केला पटकीनं हजारो यात्रेकरू दगावले आणि परतणाऱ्यांबरोबर ती युरोपपर्यंत गेली. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, देशोदेशींच्या प्रतिनिधींची आरोग्य परिषद इस्तंबूलला भरवावी लागली. पुढे १९०५ मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावर तूर नावाच्या ठिकाणी, हजहून परतणाऱ्यांना अलग ठेवण्याच्या तळावर, मृत यात्रेकरूंच्या आतड्यांत या जंतूचा एक वेगळा प्रकार सापडला. त्याला त्या जागेचं नाव मिळालं, ‘एल तोर’. १९६१ मध्ये इंडोनेशियातून सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ याच प्रकाराची. विठ्ठलाच्या दारी जाणारा आणि काबेच्या दारी जाणारा, दोघांच्याही ओंजळीत पाणी होतं. पाण्यानं दोघांत भेद केला नाही.

गावकरी काय करत? मरीआईचा गाडा काढत. देवीची पूजा करून, नैवेद्य ठेवून तो गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडत. आमची आजी दर्ग्यावर नवस बोलायची आणि गाड्याच्या वर्गणीलाही पैसे द्यायची. आज याला हसणं सोपं आहे. पण रोग एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जातो, एवढं त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. उलट, ज्यांच्या हाती राज्य होतं त्या इंग्रज सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम वर्षानुवर्षं हेच सांगत राहिले की पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध झालेलं नाही. तसं मान्य केलं तर जहाजं अडवावी लागली असती आणि पाण्यावर खर्च करावा लागला असता.

डॉक्टरांचं तरी काय वेगळं होतं? एकोणिसाव्या शतकात पटकीच्या रोग्याची शीर कापून रक्त काढत. पाऱ्याची औषधं देत, अफू देत. ज्याच्या अंगातलं पाणी संपून रक्त घट्ट झालेलं आहे, त्याचं उरलेलं रक्तही काढायचं. गंमत म्हणावी की दुर्दैव, पण खरं उत्तर १८३१-३२ मध्येच कुणाच्या तरी हाती लागलं होतं. विल्यम ओशॉग्नेसी या तरुण डॉक्टरनं इंग्लंडमध्ये पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार गेलेले आहेत, असं त्याला दिसलं. ते वाचून थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरनं रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. मेल्यात जमा झालेली काही माणसं उठून बसली. पण साथ ओसरली आणि हा उपायही विस्मरणात गेला.

त्यानंतरचा काळ जंतू शोधण्याचा. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यानं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाशी साथीचा संबंध जोडून दाखवला. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनीनं सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू पाहिला. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. १८८४ मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात जंतू वेगळा केला. स्वल्पविरामासारखा वाकडा, एका शेपटीवर पोहणारा. पिण्याच्या वापरातल्या एका तलावातही त्याला तो सापडला. कॉखनं तेव्हाच एक अंदाज बांधला होता. हा जंतू आतड्यातच राहतो, शरीरात खोल शिरत नाही. तेव्हा तो बहुधा एखादं विष बाहेर टाकत असावा आणि ते विषच माणसाला मारत असावं.

अंदाज बरोबर होता. पण तो सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षं लागली. एक अडचण अशी की मोठ्या जनावरांना सहसा पटकी होत नाही, मग प्रयोग करायचा कुणावर? दुसरी अडचण विचारांची. १८९२ मध्ये रिचर्ड फायफरनं याच जंतूत एक विष दाखवलं, जे जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातून सुटतं. सगळे त्याच्या मागे लागले. ते विष रक्तात जाऊन मारतं असं मानलं गेलं आणि आतड्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्याच सुमारास व्लादिमीर हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ पासून हिंदुस्थानात येऊन हजारो लोकांना टोचली. पुढे मुंबईत प्लेगवर काम करताना त्यांनी परळला उभी केलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. टोचायची ती पटकीची लस काही काळ काही लोकांना वाचवी, पण साथ थांबवी ना. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रवाशांवरची या लशीची सक्तीच काढून टाकली.

आता येतो तो भाग, जो आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असायला हवा होता. पटकीच्या विषाचा छडा लावणारी कामं हिंदुस्थानी माणसांनी हिंदुस्थानात केली. हुगळी जिल्ह्यातल्या एका साध्या कुटुंबातून आलेले डॉ. शंभुनाथ डे कलकत्त्यात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५३ मध्ये त्यांनी एक साधी युक्ती केली. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधला आणि त्या बंद भागात जंतू सोडले. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. मग त्यांनी जंतू गाळून काढून, उरलेला निव्वळ द्रव घातला. तरीही आतडं फुगलं. म्हणजे जंतू हजर नसताना त्याचं विष एकटं काम करत होतं, आणि ते रक्तात नाही, आतड्यातच करत होतं. हा निबंध मे १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात छापून आला.

त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एन. के. दत्त आणि त्यांचे सहकारी पानसे व कुलकर्णी वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचले. दत्त यांनी आधी दाखवलं होतं की मोठ्या सशाला पटकी होत नाही, पण दूधपित्या पिल्लाला होते. १९५९ मध्ये या तिघांनी अशा पिल्लांना जिवंत जंतू नसलेला अर्क दिला. पिल्लांना पटकीसारखेच जुलाब झाले. एक प्रयोगशाळा हुगळीकाठी, दुसरी गिरण्यांच्या भोंग्यांत, आणि निष्कर्ष एकच.

शंभुनाथ डे यांना देशात हयातीत मोठा सन्मान मिळाला नाही. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठाननं पटकीवर भरवलेल्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा अधिक वेळा सुचवलं होतं. १९८५ मध्ये ते वारले. आपल्याकडे रस्त्याला, चौकाला नावं देताना भांडणं होतात. या नावासाठी कधी कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

हे विष करतं तरी काय? १९६९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं आणि मग त्याची कारागिरी हळूहळू उलगडत गेली. ते सहा तुकड्यांचं असतं. पाच तुकडे कड्यासारखे जुळलेले. त्यांचं काम आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला चिकटायचं. सहावा तुकडा आत शिरतो आणि पेशीतलं एक बटण चालू स्थितीत अडकवून ठेवतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा आणि मोटार काही केल्या बंद होऊ नये, तसं. पेशी क्षार बाहेर फेकत राहते, क्षारांमागे पाणी जातं. जोराची पटकी झालेल्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, लघवी बंद होते, नाडी लागत नाही. आतड्याला जखम झालेली नसते. पेशी जळलेली नसते. माणूस मरतो तो अंगातलं पाणी आटल्यानं. हा आपल्या ओळखीचा शत्रू आहे. आम्ही नगरकर त्याला दुष्काळ म्हणतो.

एवढंच नव्हे, तर हे विष जंतूचं स्वतःचंही नाही. १९९६ मध्ये असं दिसून आलं की विष बनवण्याची कृती या जंतूला एका विषाणूकडून मिळते. तो विषाणू ज्या जंतूत शिरत नाही, तो निरुपद्रवी पाण्यात नुसता पोहत असतो. आणि पटकी हा एकटाच असा रोग नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या काही जाती जवळजवळ असंच विष बनवतात. डे यांनी १९५६ मध्येच अशा जातींवर सशाच्या आतड्याचा प्रयोग केला होता. लहान मुलांच्या जुलाबांत या जातींचा वाटा मोठा आहे. पटकी आता क्वचित ऐकू येते, तिची ही भावंडं मात्र दर पावसाळ्यात येतात.

आजीनं सांगितलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझ्या वडिलांचा थोरला भाऊ लहानपणीच पटकीनं गेला. दिवसभर तो पाणी मागत होता. पाणी दिलं तर जुलाब वाढतील, असं सगळ्यांचं मत होतं. गावातला हकीम तेच म्हणाला, वैद्यही तेच म्हणाला. आजीनं ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले, तेवढंच. म्हातारपणी ती हे सांगायची तेव्हा रडायची नाही. ‘पाणी घरात होतं’ एवढंच म्हणायची. यात त्या हकिमाला किंवा वैद्याला दोष देण्यात अर्थ नाही. जगभरचे डॉक्टर तेव्हा असंच मानत होते. आतडं बिघडलंय, त्याला आराम द्या, हा विचार वरवर पटण्यासारखाच आहे.

तो चुकीचा का, हे १९६० च्या सुमारास कळलं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं मांडलं की आतड्याच्या पेशीत एक असं दार आहे, ज्यातून साखर एकटी शिरत नाही, मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन शिरते. आणि त्या दोघांच्या मागे पाणी आत येतं. पटकीचं विष मोटार अडकवून ठेवतं, पण या दाराला हात लावत नाही. म्हणजे एका वाटेनं पाणी जात असताना दुसऱ्या वाटेनं ते परत घेता येतं. नुसतं पाणी पुरत नाही. नुसतं मीठही नाही. मीठ, साखर आणि पाणी तिन्ही एकत्र हवीत. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून बरं केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यावं लागलं ते १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बनवून घेतल्या, पाण्यात मिसळून पिंपांत भरल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. डॉक्टर नव्हे, आई पाजत होती, भाऊ पाजत होता. जिथे शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, तिथे त्यांच्या देखरेखीखालचं प्रमाण चारच्या खाली आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं या उपायाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

हा उतारा आज प्रत्येक आरोग्य केंद्रात, आशाताईंच्या पिशवीत, औषधाच्या दुकानात मिळतो. न मिळाला तर घरी करता येतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ जास्त होता कामा नये. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजायचं. बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं नाही. मूल मलूल पडलं, पिईना, लघवी होईना, तर पाजत पाजतच दवाखाना गाठायचा. एवढं साधं असूनही जगात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे साडेचार लाख मुलं जुलाबांनी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कितीतरी घरांत आजही जुलाब लागले की पहिली गोष्ट थांबते ती पाणी.

उतारा ठाऊक झाला म्हणून विष उतरू द्यावं असं मात्र नाही. आपल्याकडे हंड्याच्या तोंडाला फडकं बांधायची रीत जुनी आहे. बांगलादेशात अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की जुन्या सुती साडीची घडी करून तिच्यातून पाणी गाळलं, तर पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. कारण हा जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतो आणि ते जीव घडीत अडकतात. बायकांची रीत निम्मी बरोबर निघाली. उरलेल्या निम्म्यासाठी पाणी उकळणं आणि टीसीएल पावडर आहे. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे ग्रामसभेत किती जण विचारतात? आणि हे दुखणं खेड्यांचंच आहे असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जुलाबांपाठोपाठ माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गुईलेन-बॅरे नावाच्या त्या आजाराची साथ तपासताना काही रोग्यांत जुलाब घडवणारा कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला आणि संशय पुन्हा पाण्यावरच गेला.

विषाचा शोध लागला, उतारा सापडला आणि या दोन्हींत आपल्या माणसांचा हात होता. आता उरलं आहे ते प्रयोगशाळेबाहेरचं काम. राळेगणनं पाणी अडवण्याबरोबर शौचालयांचाही विचार केला, हे म्हणूनच महत्त्वाचं. गावाला किती पाणी आहे, हे विहिरीत डोकावून कळतं. ते पाणी कसं आहे, हे डोकावून कळत नाही. नमुना तपासावा लागतो, विचारावं लागतं, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. आणि घरात कुणाला जुलाब लागलेच, तर पहिला पेला त्याच्या हाती द्यावा लागतो. पाणी घरात असतंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)